संघाची आणेवारी

आणेवारी म्हणजे काय, हे आसेगावात पुंजाजीला कोणी शिकवावं लागत नव्हतं. कणसं भरत आली की पटवारी यायचा, पाटील यायचे, गावातले चार जाणते बांधावर उभे राहायचे. कणसाकडं बघायचे, बोंडाकडं बघायचे, सवयीनं एकदा आभाळाकडंही बघून घ्यायचे. मग पाटील म्हणायचे, "लिहा. ज्वारी बारा आणे." सोळा आणे म्हणजे भरलं पीक. बारा म्हणजे देवाची मेहेर. आठ म्हणजे पोटापुरतं. आणि सहाच्या खाली उतरलं की सरकार शेतसारा सोडून द्यायचं. जा बाबा, यंदा तुझ्याकडून काही नको, असं म्हटल्यासारखं. नवे पैसे यायला अजून अवकाश होता. रुपयाचे आणे सोळाच होते आणि माणसाच्या मनातलं भरलेपणही सोळातच मोजलं जायचं.

पुंजाजीचं घर मात्र त्या हिशेबानं कधीच सहाच्या खाली उतरलं होतं. रुख्मिणी जाऊन दोन पावसाळे झाले होते. एकुलता एक दौलत अमरावतीला कॉलेजात. घरात आवाज उरला होता तो चुलीतल्या काटक्यांचा आणि पुंजाजीच्या खोकल्याचा. कधीमधी तो मुद्दाम मोठ्यानं खोकायचा. घरात कोणी आहे, हे घराला कळावं म्हणून.

दौलत पहिल्यांदा अमरावतीला गेला तेव्हा रुख्मिणी होती. त्या रात्रीचं दळण दळताना तिनं ओवी घातली होती, ती पुंजाजीच्या कानात अजून फिरत होती:

लेकी गेल्या नांदायाले, दिवाळीले येती घरी;
लेक गेला शिकायाले, त्याची दिवाळी कोन्या दारी?

यंदाच्या दिवाळीला दौलत आला होता. चार दिवस राहिला. अंगानं भरला होता, बोलण्यात शहराची सफाई आली होती, पण वावरात पाय ठेवला की वऱ्हाडी बोली सुटायचीच. जायच्या दिवशी गोठ्यात बैलाच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "बाबा, यंदा आमचा हुतूतूचा संघ जमला, तं मंग पुढं हायच. दिल्लीच्या सामन्याले नेतात. तिकून रेल्वेवाले खेळाडू म्हनून घेऊन घेतात नोकरीत."

"तिकडंच?"

"तिकडंच मंग. रेल्वे का आसेगावाले येते का बाबा?"

"आन नाही जमला तं?"

दौलत हसला. "नाही जमला तं काय, उन्हाळ्यात परीक्षा झाली का घरी. कायमचा. तुमच्यासंगं वखर हाकीन."

पोरगं हसत बोललं आणि मोटारीत बसून गेलं. बापाच्या मनात मात्र ते वाक्य रुतून बसलं. दौलत चिठ्ठीबिठ्ठी लिहिणारा नव्हता आणि पुंजाजी वाचणारा नव्हता. संघ जमला की नाही, हे कळायचं कसं?

कळायचं मंगरूळपीरला. मोटार स्टँडाजवळ लालसिंगचं हॉटेल होतं आणि नागपूरचा पेपर दुपारच्या मोटारीनं तिथंच उतरायचा. बाजाराच्या दिवशी पुंजाजी कापसाच्या गाडीसोबत नाहीतर पायी मंगरूळपीरला यायचा आणि लालसिंगच्या बाकावर बसायचा. लालसिंगची जीभ तिरपी. ज्याची मोटार हुकली त्याला तो म्हणायचा, "बसा निवांत, तुमचीच वाट पाहून थकली बिचारी, मंग गेली." ज्याला चहात साखर कमी लागायची त्याला म्हणायचा, "साखर तळाशी हाय, कप खाऊन घ्या." त्याच्या बोलण्यातलं खरं कोणतं आणि थट्टा कोणती, हे ओळखणं कठीणच होतं.

मार्गशीर्षातल्या एका बाजारी त्यानं पेपर उघडला आणि ओरडला, "पुंजाजी! हे पाहा, यंदा नवीनच निघालं. साऱ्या देशातल्या कालेजाइचे सोळा संघ घेतले यायनं. हुतूतूचे. आन दर हप्त्याले आकडा लावनार."

"कायचा आकडा?"

"कोनाचा संघ कसा खेळला, त्याचा. जानते लोक बसतात, सामने पाहतात, विचार करतात, आन आकडा ठरवतात. तुमच्याकडं पटवारी आन पाटील बांधावर उभे राहून आणेवारी लावत नाही का? तसंच समजा."

पुंजाजीनं मान हलवली. लगेच समजलं. पिकाची लागते, तशी पोरांचीही लागते. सोळा संघ, सोळा आणे. शिकल्यासवरल्या लोकांनीही शेवटी बांधाचीच रीत उचलली म्हणायची.

"मंग आमच्या दौलतचं?"

लालसिंगनं बोट खाली खाली नेलं. "तुमच्या पोराचं... चौदा."

"चौदा!"

पुंजाजीचं तोंड असं फुललं की लालसिंग नवलानं बघतच राहिला. "चौदात इतके खूश? मंग पुढं काय करसान?"

"चौदा काय कमी झाले, लालसिंगभाऊ? माह्या हयातीत चौदा मी दोनदाच पाह्यले."

लालसिंगला गिऱ्हाइकं होती. तो हसला आणि भजी काढायला वळला. पुंजाजीनं पावशेर गोडशेव घेतली, येताना सोजरबाईच्या दारात थांबला. सोजरबाई शेजारीण, रुख्मिणीची जात्यावरची जोडीदारीण. दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा ओढायच्या.

"चौदा आणे लागले दौलतच्या संघाले," पुंजाजीनं शेवेचा पुडा तिच्या पुढं केला.

"आगं माय! आमच्या तुरीले नाही लागले कधी चौदा," सोजरबाई म्हणाली. मग तिचा हात पुड्यातच थांबला. "मंग तो तं तिकडंच जाईन, भाऊ?"

पुंजाजीनं पुडा पुन्हा बांधला. शेव गोड होती, पण घरी नेऊन एकट्यानं खाताना ती सरता सरेना. पोराचं भरलं होतं म्हणून ऊर भरला होता, आणि त्याच कारणानं घर आणखी रिकामं झालं होतं. बाजेवर पडून त्यानं दिव्याकडं पाहिलं आणि नेहमीसारखा मोठ्यानं खोकला.

पुढच्या बाजारी लालसिंगनं लांबूनच हात वर केला. "पुंजाजी, पेढे आना! अकरा!"

पुंजाजी बाकावर बसला. चौदाचे अकरा. एका हप्त्यात तीन आणे उतरले. आणि हा माणूस पेढे मागतो. लालसिंगची जीभ तिरपी, हे ठाऊक होतं. पण बापापाशी अशी थट्टा करावी?

"पेढे कायचे," तो हळूच म्हणाला.

"आता कंजुसी नका करू. पोरगं नाव काढून राह्यलं."

पुंजाजीनं चहा अर्धाच ठेवला.

त्याच्या पुढच्या बाजारी नऊ. लालसिंग म्हणाला, "वा रे वा!" पुंजाजीनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. घरी आला तेव्हा सोजरबाई शेणाचा सडा टाकत होती.

"किती?"

"नऊ."

"उतरून राह्यलं म्हना."

"उतरून राह्यलं."

"कीड लागली असन काही. कालेजातबी लागते का कीड?"

"लागते असन. सगळ्याच पिकाले लागते."

सोजरबाईनं पुन्हा बादलीत हात घातला. मग सडा टाकता टाकताच म्हणाली, "मंग तं घरी येईन तो. भाऊ, वाईट नका वाटून घेऊ. पन येईन तो."

तिनं बोलून दाखवलं तेव्हा पुंजाजीला कळलं, की तीच गोष्ट तो मंगरूळपीरपासून पोटात घेऊन चालत आला होता. नऊ. मग आठ. मग सात. आणि सहाच्या खाली उतरलं की सुटका. सरकार सारा सोडतं, तसं कॉलेजही पोराला सोडेल. जा बाबा, तुझ्याकडून आता काही नको. बापाकडं जा.

त्या दिवसापासून घरात काम सुरू झालं. पुंजाजीनं खदानीतून पांढरी माती आणली, भिजवली, आतल्या खोलीच्या भिंती पोतरून काढल्या. रुख्मिणीचं जातं तिथंच कोपऱ्यात होतं. त्यावरची धूळ पुसली, पाळीवर हात फिरवला. दौलत पाळण्यात कमी आणि या जात्यापाशी जास्त वाढला होता. रुख्मिणी पहाटे त्याला मांडीवर घेऊन दळायची. तिची रीतच वेगळी: एक ओवी एका दमात. मधे श्वास घ्यायचा नाही. ओवी संपली की मगच छाती उघडायची आणि पुन्हा जात्यात मूठ टाकायची.

दाना घालते मुठीनं, दम पुरवते ओवीले;
उरला जो दम माहा, देते मांडीच्या दौलतीले.

गावातली पोरं हुतूतू खेळायची तेव्हा दौलतचा दम कोणालाच तोडता यायचा नाही. पलीकडच्या अंगणात जाऊन, दोघांना शिवून, रेघेवर परत येईपर्यंत त्याचा आवाज एकाच धाग्यात चालायचा. लोक पुंजाजीला विचारायचे, "काय पाजतं रे पोराले?" पुंजाजी हसायचा. दम पुंजाजीचा नव्हताच. तो जात्यावरचा होता.

भिंती झाल्या, मग बाज. जुनं सुंभ काढून टाकलं, नवीन वळलं. अंगणात बसून बाज विणताना त्याच्या तोंडून गाणं निघालं. बऱ्याच महिन्यांनी निघालं. हात चालत होते, गळा चालत होता. रस्त्यानं जाणारा गावातला फुलसिंग थांबून म्हणाला, "काय पुंजाजी, लगन जमलं का तुमचं?"

"पोरगं येऊन राह्यलं."

"अरे वा! जितून?"

पुंजाजीचा हात सुंभावरच थांबला. फुलसिंग निघून गेला तरी तो तसाच बसून राहिला. जितून? नाही. हरून. पोराचं पीक तिकडं जळून राह्यलं आणि बाप इकडं गाणं म्हणून बाज विणून राह्यला. कोणता शेतकरी दुसऱ्याच्या वावरात पीक जळताना गाणं म्हणतो? आणि हे तर दुसऱ्याचंही नव्हतं.

त्यानं बाज अर्धी विणूनच भिंतीला टेकवून ठेवली. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा खाली घेतली आणि पुरी केली. गाणं तेवढं म्हटलं नाही.

पुढच्या बाजारी आकडा सात निघाला. मंगरूळपीरला बाजारातून परतताना दर्ग्यात जायची त्याची जुनी सवय. रुख्मिणीनं लावलेली. दौलतला पहिल्यांदा ताप आला तेव्हा ती दोघं इथं आली होती, आणि ताप उतरल्यावर रेवड्या वाटल्या होत्या. तेव्हापासून दौलतसाठी मागणं इथंच. कॉलेजात नाव लागावं म्हणून मागितलं, लागलं. पोरगं सुखरूप राहावं म्हणून मागितलं, राहिलं. आता रेवड्यांचा पुडा हातात घेऊन तो चौकटीपाशी उभा राहिला. मागावं काय? सात झालेत, ते वर चढावेत? चढले तर पोरगं गेलं. आणखी उतरावेत? बापानं असं मागतात का? बराच वेळ तो उभा राहिला. शेवटी काही न मागताच त्यानं पुडा तिथं ठेवला आणि डोकं टेकून निघाला.

पुढच्या बाजारी आकडा पाच निघाला.

लालसिंग ओट्यावरून खाली उतरला आणि त्यानं पुंजाजीच्या पाठीवर थाप मारली. "आता तं पेढे पाह्यजेच. पाच! पुंजाजी, पाच!"

सहाच्या खाली. पुंजाजीला वाटलं होतं, हा आकडा ऐकला की आपण धावत घरी जाऊ. पण तो बाकावर बसला. सुटलं पोरगं. सुटलं. हे त्यानं मनात दोनदा म्हणून पाहिलं, आणि दोन्ही वेळा ते कोणाच्या तरी मरणाची बातमी दिल्यासारखं वाटलं.

त्यानंतरच्या बाजारी दोन.

लालसिंगचा आवाज आता सबंध स्टँडावर गेला. "दोन! ऐका हो, आसेगावचा पोरगा, दोनवर! आन येत्या इतवारी शेवटचा सामना अमरावतीलेच हाय, पुन्यावाल्यांसंगं. ते एकवर हायेत. पाहा आता, काय होते ते!" चारदोन माणसांनी वळून पुंजाजीकडं पाहिलं. एकानं हसून हात जोडले.

दोन आणे. दोन आण्याचं पीक पुंजाजीनं आयुष्यात एकदाच पाहिलं होतं. तुरीला फूल लदलेलं असताना दाट धुक्याची धुई पडली. सकाळी वावर पांढरं, दुपारी फूल काळं, आणि संध्याकाळी सगळं जमिनीवर. तो बांधावर उभा होता. घरी यायला पाय निघत नव्हता. मग रुख्मिणी आली. शेजारी उभी राहिली, एवढंच. अंधार पडेपर्यंत दोघं उभी होती. आणि घरी आली तेव्हा चुलीपाशी सोजरबाईची सासू भाकरी आणि वरण ठेवून गेली होती. त्यांच्या आळीत रीतच होती तशी. ज्याचं पीक जळालं त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटू द्यायची नाही. शेजारच्या घरून भाकर जायची आणि वरण जायचं, बिनफोडणीचं. घरातलं माणूस गेल्यावर जातं, तसंच. पिवळं, मुकं वरण. त्यात जिरं तडतडलेलं नसायचं. आणि देणारानं समजूत घालायची नसते. ठेवायचं, थोडं बसायचं, उठून जायचं.

पुण्याचे एकवर, हे दोनवर. दोन जळलेल्या वावराचे धनी. त्यांना आणखी समोरासमोर उभं करून झुंजवायचं तरी कशाला? शिकलेल्या लोकांचं काही कळत नाही, असं म्हणत पुंजाजी घरी आला. रस्त्याभर त्याच्या डोळ्यापुढं दौलत होता, बांधावर उभा, आणि त्याच्या शेजारी कोणीच नाही.

माणूस जळलेल्या पिकापुढं एकटा उभा राहू नये. त्याला एवढंच ठाऊक होतं. पोरगं घरी आलं काय, न आलं काय, ते नंतर पाहू.

इतवारी पहाटे त्यानं चूल पेटवली. भाकरी थापल्या. तुरीची डाळ घट्ट शिजवली, हळद आणि मीठ घातलं आणि तिथंच थांबला. फोडणीची पळी खुंटीवर होती. तिच्याकडं त्यानं पाहिलंही नाही. वरण पितळी डब्यात भरलं, भाकरी धडप्यात बांधल्या. सोजरबाईनं दारातून डबा पाहिला आणि फोडणीचा वास नाही, एवढ्यावरूनच ओळखलं.

"जाता?"

"जातो. बैलाइले पानी दाखवा."

"जा भाऊ," ती म्हणाली. "त्याले म्हना, सोजरमावशीनं विचारलं."

कारंज्यावरून अमरावतीला पोचायला दुपार कलली. विचारत विचारत तो कॉलेजच्या मैदानाशी आला. माणसं दाट उभी होती, झाडांवरही बसली होती. पुंजाजीनं डबा छातीशी धरला आणि घुसत घुसत दोरीपर्यंत गेला.

पोरं लंगोट कसून, अंगाला माती लावून उभी होती. दौलत कुठं ते त्याला आधी दिसलंच नाही. आधी ऐकू आलं.

हुतूतूतूतू... तो आवाज रेघ ओलांडून पलीकडं गेला. इकडून तिकडं फिरला, खाली वाकला, वर उठला, पण तुटला नाही. सगळं मैदान गप्प झालं. पुंजाजीनं डोळे मिटले. आसेगावची पहाट, जात्याची घरघर, एका दमात चाललेली ओवी. रुख्मिणीनं मांडीवर दिलेला तो दम दोन वर्षं मातीखाली नव्हताच. तो इथं होता. इतक्या माणसांत, भर दुपारी, एकाच धाग्यात चालला होता.

पुंजाजीनं डोळे उघडले तेव्हा तीन पोरं दौलतच्या अंगावर पडली होती आणि दौलत त्यांना ओढत रेघेकडं सरकत होता. आवाज बारीक झाला, सुतासारखा झाला. हात पुढं आला. बोटं रेघेला लागली. मग आवाज थांबला.

आणि मैदान फुटलं. माणसं दोरीखालून आत धावली, टोप्या उडाल्या, कोणीतरी गुलालाचं ताट उधळलं. दौलतला खांद्यावर उचललेलं पुंजाजीनं पाहिलं आणि तो गोंधळला. हरलेल्या माणसाला खांद्यावर घेतात? शेजारी एक पांढऱ्या मिशांचा, फेटेवाला म्हातारा नाचत होता. पुंजाजीनं त्याची बाही धरली.

"काय झालं, दादा?"

"काय झालं म्हंता? एक नंबर झाला! साऱ्या देशात एक!"

"एकच?"

"एकच म्हंजे?"

"म्हंजे... दोनाचा एक झाला. आणखी उतरलं ना?"

म्हाताऱ्यानं त्याला वरून खाली न्याहाळलं आणि मोठ्यानं हसला. "कोन्या गावचे तुमी? अहो, एक म्हंजे सर्व्यात वर. पह्यला. एकाच्या वर हाय काय? हे पोरं चौदावर होते, चौदातून चढत चढत एकवर आले. चढले, बावा, चढले!"

गर्दी पुंजाजीला दोन्ही बाजूंनी धक्के देत होती. चौदा, अकरा, नऊ, सात, पाच, दोन. त्यानं मनातल्या मनात ती शिडी उलटी करून पाहिली. म्हणजे बाज विणताना पोरगं चढत होतं. दर्ग्यात गप्प उभा होता तेव्हा चढत होतं. लालसिंग खरोखरच पेढे मागत होता. जळालं काहीच नव्हतं. वावर भरलं होतं, सोळा आणे भरलं होतं, आणि सोळा आणे भरलेलं पीक घरी राहत नसतं. गाडीत भरून जातं.

"बाबा!"

दौलत खांद्यांवरून उडी मारून आला. गुलालानं लाल, मातीनं काळा. त्यानं बापाला डब्यासकट मिठी मारली. "तुमी आले! तुमाले कोनं सांगतलं? मले वाटलं, तुमाले या आकड्याबिकड्यातलं काही मालूमच नाही."

"लालसिंग सांगे," पुंजाजी म्हणाला. "दर बाजारी ऐकत होतो."

"दर बाजारी?" दौलतचे डोळे भरून आले. "पाहा रे," तो मागं वळून पोरांना ओरडला, "माहा बाप दर हप्त्याले आकडा ऐकाले पायी मंगरूळले जाये!"

पोरं गोळा झाली. एकेकानं वाकून पाय धरले. "काय आनलं बाबा?" म्हणत दौलतनं डबा ओढला, तिथंच मातीत बसला, भाकरी मोडली, आणि पुंजाजी नको म्हणेपर्यंत पहिला घास तोंडात गेला. तो घास चावता चावता क्षणभर थांबला.

"फोडणी राह्यली का बाबा?"

पुंजाजीनं त्याच्याकडं पाहिलं. पोराच्या कपाळावर गुलाल होता, आणि रुख्मिणीचे डोळे होते.

"घाईत राह्यली रे. मोटार सुटत होती."

"चालते. भूक लागली असली का फोडणीचं कोनाले काम?" दौलत हसला. सगळ्या संघानं मिळून ते वरण खाल्लं. पुण्याचा एक पोरगाही येऊन बसला. डबा बोटांनी पुसून निघाला.

"परवा निघतो दिल्लीले," दौलत सांगत होता. "रेल्वेचे साहेब आजच येऊन बोलून गेले. बाबा, झालं ना मनासारखं?"

"झालं."

"मी येईन ना. सुट्टी भेटली का येईन."

"ये. बाज नवीन विनली तुह्यासाठी."

"कायले येवढी मेहनत घेतली? मी कितीक दिवस राहीन तेथी?"

पुंजाजी नुसता हसला. रात्री पोरांच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून झोपला आणि सकाळच्या मोटारीनं निघाला. दौलत स्टँडवर आला होता. मोटार हलली तसा तो बाजूनं धावत आला, हात हलवत, काहीतरी सांगत. काचेमुळं ऐकू आलं नाही.

मंगरूळपीरला पुंजाजी उतरला तेव्हा लालसिंगचं हॉटेल भरलेलं होतं. पुंजाजी हलवायाकडं गेला, पेढे घेतले, लालसिंगच्या हातात पुडा ठेवला.

"आता देता?" लालसिंग म्हणाला. "अकरापासून मांगून राह्यलो मी!"

"चुकलं माहं," पुंजाजी म्हणाला. लालसिंगला वाटलं, म्हातारा थट्टा करतो आहे, म्हणून तो जोरात हसला.

उरलेल्या पेढ्यातला एक त्यानं दर्ग्यात ठेवला. आता मागायला काही नव्हतं, म्हणून उभं राहणं सोपं गेलं.

आसेगावात पोचला तेव्हा दिवस बुडायला टेकला होता. अंगणात बैल उभे होते, पाणी पिऊन तृप्त. आतल्या खोलीच्या पांढऱ्या भिंतींवर संध्याकाळचं ऊन पडलं होतं, आणि नवी बाज तिथं तशीच ताणलेली होती, कोणी न बसलेली. पुंजाजी तिच्यावर बसला नाही. चुलीपाशी बसला. काटक्या हातात घेतल्या आणि पेटवायच्या राहून गेल्या.

"आले का भाऊ?" सोजरबाई दारात उभी होती. "आन पोरगं?"

"नाही आलं."

"नाही आलं? मंग आकडा किती झाला?"

पुंजाजीनं एक बोट वर केलं. मोठ्यानं सांगावं, आनंदानं सांगावं, असं त्याच्या मनात आलं. पण तोंड उघडायच्या आतच सोजरबाईच्या तोंडून "आई गं" निघून गेलं.

"एकच?" ती म्हणाली. "अन् तरी नाही आलं घरी? लाजलं असन बिचारं."

ती निघून गेली. पुंजाजी तसाच बसून राहिला. उद्या सांगू, त्यानं ठरवलं. उद्या सगळ्या गावाला सांगू, पेढे वाटू, फुलसिंगलाही बोलावू. आज बोलायला गळ्यात दमच नव्हता.

थोड्या वेळानं सोजरबाई परत आली. हातात झाकलेलं ताट होतं. तिनं ते चुलीपाशी ठेवलं आणि भिंतीला टेकून थोडं बसली. मग उठून गेली.

पुंजाजीनं झाकण काढलं. भाकर होती आणि वरण होतं. पिवळं, बिनफोडणीचं. जिऱ्याचा वास नव्हता, लसणाचा नव्हता.

त्यानं चूल पेटवली नाही. भाकर मोडली, वरणात बुडवली, आणि ज्याच्या घरी असं अन्न येतं त्याच्यासारखा, हळूहळू, शेवटच्या घासापर्यंत जेवला.